केसपेपरवरचं नाव

मंगळवारी सकाळी माझ्या भावाने शेवंतीच्या वावरात वडिलांच्या डोक्यात खोरं घातलं. वडील तिथेच गेले. भाऊ बांधावर बसून राहिला. मी शिरूरला कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक घालत होते. चुलत्यांचा फोन आला. मी पेन खाली ठेवलं आणि स्टँडवर गेले.

त्या सकाळबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही. ते सगळं पंचनाम्यात आहे आणि तो मी दोनदा वाचला आहे. मला लिहायचं आहे ते एका केसपेपरबद्दल. दौंडच्या एका दवाखान्यात माझ्या भावाच्या आजाराची चार वर्षांची फाइल होती, पण तिच्यावर त्याचं नाव नव्हतं. दुसऱ्याच कोणाचं होतं, आणि ते मी सांगितलेलं होतं. तो आजारी आहे हे कोर्टाला पटायचं तर ती फाइल त्याचीच हे आधी पटायला हवं होतं. नाही पटलं, तर एका शहाण्या माणसाने शांत डोक्याने बापाला मारलं, एवढंच कागदावर उरणार होतं.

आमची वस्ती घोडनदीच्या काठाला, इनामगावच्या थोडी पुढे. शेवंती, झेंडू, मध्येच कोथिंबीर नाहीतर टोमॅटो. घरात कायम ओल्या फुलांचा आणि गोणपाटाचा वास असायचा. भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मी पुस्तकांत, तो मातीत. इनामगावच्या टेकाडावर पूर्वी पुण्याच्या मंडळींनी उत्खनन केलं होतं. हजारो वर्षांपूर्वीची घरं, चुली, धान्याच्या जागा तिथे निघाल्या. तिथली माणसं आपल्या मेलेल्यांना घरातच जमिनीखाली पुरत. हे भावाला शाळेत कळलं आणि तेव्हापासून नांगरट झाली की तो आमच्या वावरातून खापरं वेचायला लागला. प्रत्येक खापराला दोऱ्याने चिठ्ठी बांधायचा. कुठे सापडलं, कोणत्या दिवशी, कोणाला. ‘कोणाला’च्या पुढे तो स्वतःचं पूर्ण नाव लिहायचा, आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, नावासकट. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अशी साठ-सत्तर खापरं होती. तुझं हे म्युझियम बघायला कोण येणार, असं मी त्याला चिडवायचे. तो म्हणायचा, “तू पुस्तकांना नंबर घालतेस, मी खापरांना. तुझी पुस्तकं तरी कोण वाचतं?”

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना तो सुट्टीत घरी आला आणि परत गेलाच नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या आवाजात कोणीतरी त्याच्याबद्दल बोलतं, असं तो सांगू लागला. मोटार बंद केली की आवाज बंद व्हायचा, म्हणून तो मोटार बंद करायचा आणि रोपं सुकायची. आबा आधी रागावले, मग घाबरले. आईने अंगारा आणला. शेवटी मी म्हणाले की डॉक्टरांना दाखवू, आणि आबा एका अटीवर तयार झाले. शिरूरला नको. शिरूरला मी नोकरीला, प्रत्येक दुकानात कोणीतरी ओळखीचं. दौंडला जायचं. दौंड जंक्शन आहे, तिथे माणूस उतरतो आणि दुसऱ्या गाडीत बसतो, कोण कुठला ते कोणी विचारत नाही, असं आबांचं मत होतं. भावासाठी तेव्हा मुली बघायला सुरुवात व्हायची होती. एकदा का ‘डोक्याचं औषध चालू आहे’ हे बाहेर गेलं असतं तर कोणी दारात उभं राहिलं नसतं.

पुण्याचे एक मानसोपचारतज्ज्ञ दर गुरुवारी दौंडला यायचे. एका औषधांच्या दुकानाच्या वर त्यांचा दवाखाना होता. बाकावर दहा-बारा माणसं बसलेली. मी काउंटरशी उभी, बगलेत एक कादंबरी, कारण मी कुठेही पुस्तकाशिवाय जात नाही. कंपाउंडरने मोठ्या आवाजात विचारलं, “पेशंटचं नाव?” तेवढ्यात माझी नजर बाकाच्या टोकाला गेली. तिथे आमच्या शेजारच्या गावच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं होतं. मी त्या कादंबरीच्या नायकाचं नाव सांगितलं, आडनाव जवळपासचं एक घातलं. गाव? खिडकीतून वरवंडची पाटी लावलेली गाडी दिसत होती. मी म्हणाले, वरवंड.

भावाने माझ्याकडे पाहिलं. आबांनी खाली, स्वतःच्या चपलांकडे. सगळं अर्ध्या मिनिटात झालं.

आत डॉक्टरांनी आधी आमच्याशी बोलून घेतलं, मग आम्हाला बाहेर बसवून भावाला एकट्याला तपासलं. चांगला अर्धा तास लागला. उतरल्यावर स्टेशनजवळ चहा घेताना आबा मला म्हणाले, “बरं केलंस.” आबांची शाबासकी दुर्मीळ होती. मला ती आवडली, हेही लिहून ठेवते.

औषधाने गुण आला. दोन-तीन महिन्यांत मोटार नुसती मोटार झाली. पुढे दर महिन्याच्या एका गुरुवारी भाऊ आणि मी दौंडला जायचो आणि परत येताना तो त्या वरवंडच्या माणसाचा संसार रचायचा. त्या माणसाला दोन म्हशी आहेत, बायको तापट आहे, हायवेलगतची जमीन आहे म्हणून तो गुर्मीत असतो. भीमेच्या पुलावर गाडी आली की तो विचारायचा, “ताई, आज त्याची तब्येत कशी होती?” मी म्हणायचे, डॉक्टर खूश आहेत त्याच्यावर. “असणारच,” तो म्हणायचा. “गोळ्या मी खातो, गुण त्याला येतो.” आम्ही दोघं हसायचो. मला वाटायचं, जो माणूस स्वतःच्या आजाराची अशी थट्टा करतो तो बरा झालेला आहे.

चार वर्षं अशी गेली. मग एक स्थळ आलं, श्रीगोंद्याकडचं. मुलीकडचे दोन दिवस राहायला येणार होते, घर बघणार होते. कपाटात गोळ्यांच्या पट्ट्या नकोत, असं आबांचं म्हणणं पडलं. लग्न पार पडेपर्यंत थांबवू, नंतर परत चालू करू. मी एकदा म्हणाले की डॉक्टरांना विचारू. आबा म्हणाले, कोणाच्या नावाने विचारशील? कॉलेजमध्ये परीक्षा चालू होत्या, दोन गुरुवार असेच गेले आणि पुढचे दोनही. स्थळाकडून होकार आला. सातव्या आठवड्यात तो मंगळवार आला.

दशक्रिया नदीवर झाली. मुलगा कोठडीत, म्हणून सगळं चुलत्यांनी केलं. पिंडाला कावळा शिवेना. लोक रीतीप्रमाणे पुढे होऊन एकेक सांगत होते. बाईकडं बघू, वावर पडीक ठेवणार नाही, विहिरीचं काम पुरं करू. पोराचं नाव कोणीच घेतलं नाही. मी बायकांच्या घोळक्यात मागे उभी होते. मला पुढे जाऊन म्हणायचं होतं, पण जाईपर्यंत ऊन चढलं आणि चुलत्यांनी दर्भाचा कावळा करून शिववला.

तुरुंगात भाऊ जेवेना. तिथल्या डॉक्टरांनी लिहून कळवलं की हा भिंतीकडे तोंड करून कोणाला तरी हाका मारतो. कोर्टाने त्याला वकील दिल्या होत्या, केडगावच्या एक बाई, रेल्वेने रोज ये-जा करणाऱ्या, डब्यात बसून कागद वाचणाऱ्या. त्यांनी अर्ज केला आणि कोर्टाने त्याला पुण्याच्या मनोरुग्णालयात निरीक्षणासाठी पाठवलं.

वकीलबाईंनी मला पहिल्याच भेटीत दोन प्रश्न वेगळे करून दाखवले. आज त्याला खटला कळतो का, आपल्यावर काय आरोप आहे, समोर कोण बसलं आहे, आपल्या वकिलाला काय सांगायचं, हे उमगतं का, हा पहिला प्रश्न. त्या सकाळी आपण काय करतो आहोत हे त्याला कळत होतं का, हा दुसरा. पहिला आधी सुटल्याशिवाय दुसऱ्याकडे जाता येत नाही. आणि दोन्हीला जुने कागद लागतात, कारण पकडल्यावर वेड पांघरणारे पुष्कळ असतात आणि सरकारी वकील तेच म्हणणार. “आधीचं औषधपाणी काही?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, आहे. आणि मग ते कोणाच्या नावावर आहे ते सांगितलं. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, “बाई, तुम्ही ग्रंथपाल ना? एक पुस्तक दुसऱ्याच्या नावावर लावलं तर परत सापडतं का?” मी म्हणाले, ज्याने लावलं त्याला सापडतं.

त्या आठवड्यात चुलते घरी आले. माझ्या चुलत बहिणीची सुपारी फुटलेली होती. चुलते वाईट माणूस नाहीत. आबांना खांदा त्यांनी दिला, आईला धान्य त्यांनी आणून टाकलं. पण फिर्यादही त्यांची होती आणि जबाबात त्यांनी सांगितलं होतं की पोरगा चांगला शहाणा आहे, व्यापाऱ्याशी बोलतो, मोटार दुरुस्त करतो. बाहेरून दिसणारं सगळं खरंच होतं. दौंडची गोष्ट त्यांना मीच सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “त्याच्या नावावर कागुद न्हाई ना? मग झालं की. कशाला उकरायचं?”

मी म्हणाले, आप्पा, तो आजारी होता.

“असंल. पर खून केला तर त्यो एकट्याचा. येड म्हनलं की समद्या घराण्याचं व्हतंय. माझ्या पोरीला कोन करंल? तुला तर अजून कुनी केली न्हाई.”

तो टोला होता, मी तो घेतला. आई चुलीपुढे होती. आबा गेल्यापासून ती फार बोलत नव्हती. ज्याच्यासाठी रडायचं त्याला मारणारा तिचाच, त्यामुळे आलेल्या बायकांनाही तिच्याशी काय बोलावं कळायचं नाही. ती तिथूनच म्हणाली, मान न वळवता. “बारशाला त्याच्या कानात नाव सांगितलंय आमी. त्ये त्याला माघारी दे.”

चुलते उठून गेले. माझा निर्णय खरं तर आधीच झालेला होता. पण आईने सांगितल्यावर तो घराचा झाला.

दौंडला कंपाउंडरने मला लांबूनच ओळखलं. “या, वरवंडच्या ताई. लई दिवसांनी. भाऊ बरे का?” मी त्याला म्हणाले, आम्ही वरवंडचे नाही. त्याने हसून फाइल काढून दिली. रोज इतकं ऐकणाऱ्या माणसाला त्यात विशेष काही वाटलं नसावं.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, नाव, गाव, मंगळवार. ते आता थकले होते. एका गुरुवारी पन्नास-साठ माणसं बघणारे. चेहरा आठवतो का म्हणाल तर शपथेवर सांगता येणार नाही, असं ते प्रामाणिकपणे म्हणाले. मग त्यांनी फाइलचं पहिलं पान उलटलं आणि थांबले. पहिल्या तपासणीत ते प्रत्येकाला काही साध्या गोष्टी करायला सांगत. वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, घड्याळ काढा, मनात येईल ते एक वाक्य लिहा. भावाने घड्याळ नीट काढलं होतं. त्याखाली त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं:

“हे नाव माझं नाही. ताईने सांगितलं म्हणून गप्प आहे.”

आणि त्याच्या शेजारी डॉक्टरांच्या अक्षरात इंग्रजीत एक ओळ होती. पेशंट स्वतःची ओळख नाकारतो.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “मी हे लक्षण म्हणून लिहिलं,” ते म्हणाले. “त्याला सांगत होतो की नाव तुझंच आहे. दुसऱ्या भेटीत त्याने मान्य केलं. मी लिहिलं, सुधारणा.”

मी पान बघत राहिले. भाऊ त्या खोलीत एकटा, डॉक्टर समोर, आणि त्याच्या डोक्यातल्या सगळ्या गोंधळात ही एकच गोष्ट पक्की खरी. ती त्याने सांगितली. ती खोटी आहे असं त्याला एका जाणत्या माणसाने समजावलं, आणि ती खोटी ठरावी अशी व्यवस्था मी करून ठेवली होती. भीमेच्या पुलावरच्या त्या सगळ्या थट्टा मला आठवल्या. मी हसत होते. तो कशाला हसत होता हे मला आता माहीत नाही.

तिथे बसून मी रडले नाही. मला एक गोष्ट लख्ख दिसली होती. अक्षर. मी फाइलची प्रत घेतली, घरी गेले आणि माळ्यावरून बिस्किटांचा डबा काढला. साठ-सत्तर चिठ्ठ्या, प्रत्येकीवर त्याचं पूर्ण नाव, त्याच्या हाताने. ‘झेंडूचं वावर’ लिहिताना त्याचा ‘झ’ खाली शेपटी लांब सोडतो. त्या वाक्यात ‘माझं’ होतं. मी वकीलबाईंना फोन केला आणि म्हणाले, सापडलं.

मनोरुग्णालयात एका तरुण मानसशास्त्रज्ञ बाईंनी माझी दोन दिवस मुलाखत घेतली. जन्म कसा झाला, चालायला कधी लागला, डोक्याला मार, झटके, घराण्यात कोणी, शाळेतले मित्र, पहिला बदल कोणाला दिसला. मी कार्ड भरावं तसं उत्तर देत गेले. माहीत नाही तिथे माहीत नाही म्हणाले. सोंग कसं ओळखता, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, सोंग करणारा आम्ही समोर असताना आजारी असतो. आम्ही तो जेवतो कसा, आंघोळ करतो का, झोपतो किती, हे दिवसाचे सगळे तास टिपतो. कोणी बघत नसताना तुमचा भाऊ ताटातला एक घास बाजूला काढून ठेवतो. कोणासाठी, ते सांगत नाही.

आबा जेवायला बसले की घास काढायचे. मी त्यांना तेही सांगितलं.

मग त्याला भेटू दिलं. दाराशी पोलीस बसलेला. भाऊ बारीक झाला होता, केस कापलेले. मला बघून तो नीट बसला आणि पहिलं वाक्य बोलला.

“ताई, इथे कोणत्या नावाने लिहिलंय मला?”

मी म्हणाले, तुझ्याच. मी त्याचं पूर्ण नाव उच्चारलं, आबांच्या नावासकट.

“बरं झालं,” तो म्हणाला. मग थोडा पुढे वाकून, पोलिसाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, “तो आबांचं नाव लावून आपल्या घरात बसला होता. दिसायला तसाच. कोणाला कळलं नाही. आबा सुटले ना आता? कोर्टात येतील. ते आले की सांगतील सगळं.”

त्याला मी खोटं सांगणार नव्हते, तेवढं ठरलेलं होतं. मी म्हणाले, “आबा कोर्टात येणार नाहीत. मी येईन.” त्याने मान हलवली, पण ऐकलेलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी त्या बाईंना विचारलं, त्याच्या डोक्यात हे नाव लावून बसणं माझ्यामुळे आलं का? त्यांनी लगेच नाही म्हटलं नाही, म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. त्या म्हणाल्या, “आपलं माणूस बदलून त्याच्या जागी दुसरं आणून बसवलंय असं वाटणं, हे या आजारात दिसतं. गोळ्या बंद झाल्या नसत्या तर कदाचित इथवर आलं नसतं. आजार आपला आपण येतो. शब्द मात्र तो घरातले उचलतो.” हे उत्तर मी तसंच ठेवलं आहे. कमीही केलं नाही आणि वाढवलंही नाही.

डॉक्टरांच्या मंडळाचा अहवाल आला आणि त्यावर कोर्टात चौकशी झाली. न्यायाधीश काय करतात याचं उत्तर भावाने बरोबर दिलं होतं. वकील काय करतात, तेही. तुझ्यावर कोणाच्या खुनाचा आरोप आहे, या प्रश्नावर तो म्हणाला होता, “ज्याचा आहे तो माणूसच नव्हता.” साक्षीदार कोण, तर आबा. आज आपला बचाव करायला हा समर्थ नाही, असं मंडळाने लिहिलं होतं आणि जोडीला जुन्या फाइलचा आधार दिला होता. सरकारी वकील त्या फाइलवरच उठले.

मला पिंजऱ्यात उभं राहायची भीती वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही. कोर्टात आमच्या वस्तीवरचे सहा-सातजण होते, मागे चुलते. त्या सगळ्यांसमोर मी सांगितलं की माझ्या भावाला मानसिक आजार आहे, चार वर्षं औषध चालू होतं, आम्ही ते लपवलं आणि लग्नासाठी बंद केलं. आमच्या घरात हे वाक्य मोठ्या आवाजात तोवर कधीच बोललं गेलं नव्हतं. बोलल्यावर मला कळलं की ते साधं वाक्य आहे.

सरकारी वकील म्हणाले, “म्हणजे तुम्ही दवाखान्यात खोटं बोललात.”

“हो.”

“मग आज खरं बोलताय हे कशावरून समजायचं?”

“माझ्यावर विश्वास ठेवू नका,” मी म्हणाले. “अक्षर बघा.”

चिठ्ठ्या वकीलबाईंनी आधीच दाखल केल्या होत्या, खापरांसकट. शिपायाने डबा टेबलावर ठेवला तेव्हा न्यायाधीशांनी एक खापर उचलून उजेडात धरलं आणि त्यावरची काळी रेघ बघितली. मग चिठ्ठी वाचली. मग फाइलचं पान. अक्षराच्या तपासणीचा अहवाल पुढच्या तारखेला आला आणि दोन्ही लिखाण एकाच हाताचं निघालं. दौंडच्या डॉक्टरांनी येऊन ती इंग्रजी ओळ स्वतः वाचून दाखवली आणि आपण काय समजलो होतो ते सांगितलं. त्यांना ते सांगणं भाग नव्हतं. कोर्टाने खटला थांबवला आणि भावाला उपचारासाठी रुग्णालयातच ठेवलं. आदेशात वाक्य होतं की अमुक नावाने असलेली फाइल आरोपीचीच आहे असं हे न्यायालय मानतं. त्या कादंबरीतल्या नायकाचं नाव कोर्टाच्या कागदावर तेवढं एकदाच आलं.

चुलत बहिणीचं लग्न झालं. मोडलं नाही. मुलाकडच्यांनी येऊन विचारलं, तिने स्वतः सांगितलं की भाऊ आजारी आहे, आणखी काय विचारायचंय? चुलत्यांनी पत्रिका छापली तिच्यात आमच्या घरातलं एकही नाव नव्हतं, आबांचंसुद्धा. ती पत्रिका मी ठेवून दिली आहे. चुलते अजून बोलत नाहीत. बहीण बोलते.

बरं व्हायला भावाला वर्षाच्या वर लागलं. मी दर महिन्याला दौंडहून गाडी पकडून पुण्याला जायचे. आधी त्याची झोप आली, मग भूक, मग तो घास बाजूला काढायचा थांबला. मला तेव्हा आनंदही झाला आणि धसकाही बसला. वकीलबाईंनी मला सांगून ठेवलं होतं की खटल्यासाठी समर्थ होणं म्हणजे खटला कशाचा आहे ते कळणं. पुस्तकात एका ओळीचं कलम आहे ते. ती ओळ माझ्या भावाला एका सकाळी भेटणार होती.

ती भेटली तेव्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. तो पलंगावर बसला होता, हात मांडीवर. मी बसले. मग त्याने विचारलं, “तो आबाच होता ना?”

“हो.”

“दशक्रिया कोणी केली?”

“आप्पांनी.”

“कावळा शिवला?”

तिथे हो म्हणणं सोपं होतं. त्याला बरं वाटलं असतं आणि ते खोटं कधी उघडं पडलं नसतं. मी म्हणाले, “नाही. दर्भाचा केला.”

तो रडला. आबा गेल्यावर आमच्या घरात आबांसाठी नीट रडलेला तो पहिला माणूस. आई आणि मी दीड वर्षं कोणासाठी रडावं या हिशेबात अडकलो होतो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि नदीवर जे म्हणायचं राहिलं होतं ते म्हणाले. त्याला मी बघेन. आबांना उद्देशून म्हणाले, पण ऐकलं त्याने.

आता खटला परत चालू झाला आहे. त्या सकाळी त्याला काय कळत होतं, हा दुसरा प्रश्न कोर्टापुढे आहे. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही, पण जो उभा आहे तो स्वतःच्या नावाने उभा आहे आणि त्याच्याबद्दल जे खरं आहे ते सगळं कोर्टापुढे आहे. गोळ्या रोज चालू आहेत. शेवंतीचं वावर आई बघते. खापरांचा डबा कोर्टात जमा आहे, त्याची पावती माझ्याकडे आहे. आम्ही तिघं आहोत आणि पुढची तारीख शुक्रवारची आहे.